कोलोनोस्कोपीआधीचं खाणं आणि पोट साफ करणं: आपल्या स्वयंपाकघरातलं काय चालतं, काय नाही?

मृण्मयी_०७
कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) ठरली की रुग्णालयातून एक छापील कागद हातात मिळतो. त्यावर 'लो रेसिड्यू डाएट' (कमी चोथ्याचं जेवण) आणि 'क्लिअर लिक्विड्स' (पारदर्शक पातळ पदार्थ) लिहिलेलं असतं, उदाहरणं म्हणून व्हाइट ब्रेड, जेली, चिकन ब्रॉथ. आपल्या घरात पोळी, भाकरी, उसळ, आमटी, पालेभाजी होते. मग घरचे अंदाजाने 'हलकं' खायला घालतात. ज्वारीची भाकरी आणि मोड आलेल्या मुगाची उसळ पचायला हलकी असेलही, पण आतड्यात चोथा ठेवते, आणि इथे प्रश्न चोथ्याचा आहे.

माझं मत असं की तयारी बिघडते ती पोट साफ करण्याच्या औषधामुळे कमी आणि या गोंधळामुळे जास्त. म्हणून हा धागा. उदाहरणादाखल सत्तरीचा, मधुमेह आणि जुनी बद्धकोष्ठता असलेला रुग्ण धरा, तपासणीची वेळ सकाळी ११. काय खायला द्यायचं, किती दिवस, औषध किती वाजता, नेहमीच्या गोळ्यांचं काय? कारणासकट लिहाल तर जास्त उपयोग होईल.

पातळभाजी
आहाराचं मी लिहिते. मागे काय उरतं ते लक्षात ठेवा: साल, बी, कोंडा, देठ, दोरे. हे सोडून जे राहतं ते बहुतेक चालतं.

चालेल: पांढऱ्या तांदळाचा मऊ भात, दहीभात (फोडणीशिवाय), इडली, साधा डोसा (बटाट्याची भाजी आणि चटणी नको), बारीक रव्याचा उपमा, मैद्याचा पांढरा ब्रेड, मारी किंवा ग्लुकोज बिस्किटं, अंडं, पनीर, दही, ताक, उकडलेला किंवा कमी मसाल्याचा मासा, चिकन. भाज्यांपैकी साल काढलेला बटाटा, साल-बिया-गर काढलेला दुधी, तोही पूर्ण शिजवून.

नको: ज्वारी, बाजरी, नाचणी, कोंड्यासकट गव्हाची पोळी, सगळ्या पालेभाज्या, उसळी, हरभरा, वाटाणा, गवार, भेंडी, मका, कोशिंबीर, कच्चा कांदा, दाण्याचं कूट, तीळ, खसखस, खोबरं, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, पेरू, अंजीर, डाळिंब, सीताफळ, कलिंगड, किवी, सब्जा.

उपमा म्हटला की हात आपोआप मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता, मिरची आणि वरून खोबरं याकडे जातो. ते सगळं वगळून फक्त तूप, हिंग, मीठ. पोह्यांचंही तेच, पांढरे पोहे नुसते चालतील पण शेंगदाणे, कांदा, कोथिंबीर, खोबरं नाही. चव लागत नाही अशी तक्रार येईल, तर लिंबू पिळा.

घाटमाथा
वरणाचं काय? तुरीचं वरण यादीत दिसलं नाही.

पातळभाजी
मुद्दाम टाकलं नाही, कारण यावर एकवाक्यता नाही. बऱ्याच याद्यांमध्ये सगळी कडधान्यं आणि डाळी वर्ज्य असतात. काही ठिकाणी सालं काढलेल्या मुगाच्या डाळीचं पातळ वरण दोन-तीन दिवस आधीपर्यंत चालवतात. मी आदल्या दिवशी कुठलीच डाळ देत नाही, त्याआधी मुगाचं पातळ, घोटून गाळलेलं.

कोकणकडा
इथे मी असहमत. एवढं सगळं बंद केलं तर ज्या घरात मांस-मासे शिजत नाहीत तिथला म्हातारा माणूस तीन दिवस फक्त भात आणि बिस्किटांवर राहतो. अशक्तपणा येतो, आणि त्यावर जुलाबाचं औषध. गाळलेल्या मुगाच्या वरणाने कुणाची तपासणी बिघडत नाही. बिघडते ती टोमॅटो, पालक आणि कूट यांनी.

एंडो_सिस्टर
दोघांचंही बरोबर आहे. आमच्या टेबलावर दिसतं ते सांगते. पातळ पिवळं पाणी आतड्यात राहिलेलं असेल तर ते दुर्बिणीतून ओढून घेता येतं. पण ज्या नळीतून ओढायचं ती साधारण पावणेचार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात टोमॅटोचं साल, मेथीचा देठ, पेरूची बी, वाटाण्याचं टरफल अडकलं की ओढणं थांबतं. दुर्बीण बाहेर काढा, नळी साफ करा, पुन्हा आत घाला. रुग्ण तेवढा जास्त वेळ गुंगीत. शिवाय बिया पाण्याने धुऊन जात नाहीत, भिंतीला चिकटून बसतात आणि त्यांच्याखाली काय आहे ते दिसत नाही. गाळलेल्या डाळीचं तसं होत नाही. पण 'गाळलेली' म्हणजे खरोखर बारीक गाळणीतून. फोडणीतले जिरे-मोहरी तळाशी राहिले तर उपयोग नाही.

सिग्मॉइड
पोटविकारात काम करतो, म्हणून दिवसांचा प्रश्न घेतो. बद्धकोष्ठता नसलेल्या, धडधाकट माणसाला आदल्या एका दिवसाचं कमी चोथ्याचं जेवण पुरतं. दुर्बीण तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या युरोपीय संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही आदल्या दिवसाचंच आहे. मृण्मयी यांच्या उदाहरणातल्या रुग्णाला मात्र तीन दिवस सांगेन. जुनी बद्धकोष्ठता, मधुमेह, पार्किन्सन, पाठीच्या कण्याचे आजार, अफूवर्गीय वेदनाशामकं किंवा अमिट्रिप्टिलीनसारख्या गोळ्या, यांत आतडं हळू चालतं.

आदल्या दिवशी सकाळी नाश्ता आणि दुपारी १ च्या आत हलकं जेवण, तेही वरच्या 'चालेल' यादीतलं. त्यानंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. काही रुग्णालयं आदला पूर्ण दिवस पातळ पदार्थांवरच ठेवतात. आपल्या रुग्णालयाने तसं सांगितलं असेल तर तेच पाळा.

अनुस्वार
तीन दिवस कडक उपास केला तर औषधाची गरजच कमी होईल ना?

सिग्मॉइड
नाही. जेवण बंद असलं तरी पित्त, पाचक रस आणि आतड्याच्या अस्तराचा चिकट द्राव तयार होतच राहतो. रात्री हा द्राव लहान आतड्यातून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे उजव्या बाजूला उतरतो आणि तिथे पिवळट थर धरतो. तपासणीत शोधायच्या असतात त्या आतड्याच्या भिंतीवरच्या गाठींपैकी (पॉलिप) उजव्या बाजूच्या काही चपट्या असतात, त्यांच्यावर आधीच चिकट द्रावाचं आवरण असतं. वर हा थर बसला की त्या निसटतात. म्हणूनच औषध दोन भागांत देतात: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. पहाटेचा भाग नकोसा वाटतो, पण उजवी बाजू स्वच्छ होते ती त्यानेच. आदल्या रात्री सगळं पिऊन झोपणं सोयीचं असेल, पण तो चांगला पर्याय नाही.

घाटमाथा
आणि उपासाचे पदार्थ? आमच्याकडे 'उपासाचं म्हणजे पोटाला हलकं' असा सगळ्यांचा पक्का समज.

पातळभाजी
चोथ्याच्या हिशेबात उपासाचं ताट सगळ्यात अडचणीचं. साबुदाणा स्वतः जवळपास निव्वळ स्टार्च, त्याची खीर किंवा पेज आदल्या दुपारपर्यंत चालेल. खिचडी नाही, कारण दाण्याचं कूट. भगर, राजगिरा, रताळं, खजूर, शेंगदाण्याची आमटी, काकडी यांपैकी काहीच नाही. तपासणीच्या आधी एकादशी येत असेल तर दही-साबुदाणा आणि साल काढून उकडलेला बटाटा एवढ्यावर भागवा.

औषधी_बाबा
औषधाच्या दुकानात रोज हे समजावून सांगतो, म्हणून पाकिटाबद्दल.

आपल्याकडे सर्वांत जास्त लिहून दिलं जातं ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचं मिश्रण, पेगलेक वगैरे नावाने. १३७.१५ ग्रॅमचं पाकीट २ लिटर पाण्यात विरघळवायचं. इथे होणाऱ्या चुका:

ग्लासात थोडं थोडं कालवणं. तसं करू नका. मापाने २ लिटर साधं पाणी एका भांड्यात घ्या, त्यात पूर्ण पाकीट ओता, दाणा राहीपर्यंत ढवळा, मग बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. प्रमाण ठरवलेलं आहे, त्यामुळे शरीरातून पाणी फारसं ओढलं जात नाही आणि फारसं शोषलंही जात नाही. कमी पाण्यात केलं तर तो समतोल जातो.

साखर किंवा ग्लुकोज पावडर मिसळणं. साखरेबरोबर मीठ शोषलं जातं, आणि उरलेल्या साखरेवर आतड्यातले जंतू वायू तयार करतात. लिंबू पिळलं तर चालतं.

गिळायला त्रास असलेल्यांसाठी स्टार्चची जाडसर करणारी पावडर मिसळणं. या औषधात ती घट्ट राहत नाही, पातळ होते आणि ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा रुग्णाबद्दल डॉक्टरांना आधी सांगा.

एंडो_सिस्टर
'दाणा राहीपर्यंत' नव्हे, 'दाणा न राहीपर्यंत' असं वाचा सगळ्यांनी. द्रावण पूर्ण निवळशंख दिसलं पाहिजे.

पिण्याची गती: दर १०-१५ मिनिटांनी साधारण २५० मिली, म्हणजे एक मोठा पेला. घोटघोट दिवसभर पित राहिलात तर परिणाम होत नाही. घटाघटा लिटरभर संपवलं तर उलटी. गार असेल तर चव कमी जाणवते, स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला धरा, मध्ये लिंबाची फोड चोखा. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून पुन्हा हळू सुरू करा. उलटीवरची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, रात्री ९ वाजता शोधत फिरायला नको.

साधारण तासाभरात पोट चालू होतं, काहींना दोन-तीन तास लागतात. बाहेर पडणाऱ्याचा रंग बघत राहा: आधी घट्ट, मग गढूळ तपकिरी, मग पिवळसर, शेवटी लघवीसारखं पिवळं पारदर्शक, कमोडचा तळ दिसेल असं. तिथे पोचलात की तयारी झाली. मात्र पारदर्शक झालं म्हणून पहाटेचा भाग टाळायचा नाही. वर सिग्मॉइड यांनी कारण दिलंच आहे.

आणि उलट, पूर्ण औषध पिऊनही तपकिरी गढूळ येत असेल तर निघण्यापूर्वी रुग्णालयात फोन करा. जास्तीचं औषध देता येतं किंवा वेळ पुढे ढकलता येते. तसंच येऊन टेबलावर झोपलात तर तपासणी अर्धवट राहण्याची शक्यता जास्त.

कोकणकडा
पारदर्शक पातळ पदार्थांत आपलं काय बसतं? सोलकढी?

पातळभाजी
सोलकढी दोन कारणांनी नाही: नारळाचं दूध आणि कोकमाचा रंग. लाल-जांभळं काहीच नको. कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस, जांभळाचं सरबत, रोझ सिरप यांचा उरलेला रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो.

चालतं ते: गाळलेलं लिंबू सरबत मीठ-साखर घालून, शहाळ्याचं पाणी, दह्यावरची किंवा पनीर गाळून उरलेली निवळी, भाताच्या पेजेवर आलेलं निवळ पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस, बिनदुधाचा चहा किंवा कॉफी, ओआरएस, मांसाहारी घरांत गाळून वरचं तेल काढलेलं चिकनचं पाणी. ग्लासातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. ताक आणि दूध यात बसत नाही, म्हणजे दुधाचा चहाही नाही.

औषधी_बाबा
मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी शहाळं विचारून घ्यावं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. आणि नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिऊ नका. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर, रक्तातलं सोडियम खाली येतं, डोकं दुखतं, बरळायला होतं, झटकाही येऊ शकतो. पाणी, सरबत, ओआरएस आलटून पालटून घ्या.

अनुस्वार
दोन लिटर जात नाही म्हणून ती छोटी ४५ मिलीची बाटली मिळते ना? मेडिकलमधून तीच आणली तर?

सिग्मॉइड
मनाने नाही. ती सोडियम फॉस्फेटची. त्यातल्या फॉस्फेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचून कायमची इजा झाल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) डिसेंबर २००८ मध्ये त्यावर कडक इशारा दिला. वय जास्त, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार, रक्तदाबासाठी रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, लघवीच्या गोळ्या, नियमित वेदनाशामकं, यांपैकी काहीही असेल तर ती टाळतात. आपल्या उदाहरणातल्या रुग्णाला तर नकोच. सल्फेटचं कमी प्रमाणातलं औषधही असतं, पण त्याच्यावर ठरवलेलं जास्तीचं पाणी प्यावंच लागतं, आणि तेही मूत्रपिंड बघून.

घाटमाथा
जरा अवांतर, पण मॅनिटॉल पाजायचे ना पूर्वी?

सिग्मॉइड
हो. मॅनिटॉल ही एक प्रकारची साखरच. आतड्यातले जंतू तिच्यापासून हायड्रोजन तयार करतात. गाठ काढताना विजेची ठिणगी लागली की स्फोट होऊ शकतो. १९७९ मध्ये अशा स्फोटात रुग्ण दगावल्याची नोंद प्रसिद्ध झाली. बद्धकोष्ठतेवरच्या लॅक्टुलोजलाही याच कारणाने तयारीचं औषध म्हणून वापरत नाहीत. वर साखर न मिसळण्याचा मुद्दा आला त्याचं एक मूळ हेच.

कोकणकडा
एरंडेल, त्रिफळा, गंधर्वहरीतकी?

सिग्मॉइड
बदली म्हणून नाही. कळ येते, जुलाब होतात, पण उजवी बाजू हवी तशी स्वच्छ होत नाही आणि क्षारांचा समतोल राखला जात नाही. एनिमाही एकटा पुरत नाही, तो डाव्या बाजूच्या शेवटच्या भागापुरता. इसबगोल आठवडाभर आधी बंद करा, ते फुगून चिकटतं. बद्धकोष्ठतेसाठी बिसाकोडिलच्या गोळ्या किंवा जास्त प्रमाणातलं द्रावण डॉक्टर लिहून देतात. नेहमी तीन-चार दिवसांतून एकदा शौचाला होत असेल तर हे तारीख घेतानाच सांगा, आदल्या दिवशी नको.

एंडो_सिस्टर
लोहाच्या गोळ्यांचंही लिहा. पाच ते सात दिवस आधी बंद. मल काळा आणि डांबरासारखा चिकट होतो, कितीही पाणी मारलं तरी निघत नाही. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, पाकिटामागे वाचा.

औषधी_बाबा
आता मधुमेह. हे सगळं साखरेच्या डॉक्टरांना विचारूनच, पण काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन: तीन दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी आणि पाणी कमी झाल्यावर या गोळ्यांनी रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा साखर तपासली तर फार वाढलेली दिसत नाही. म्हणूनच ते लक्षात येत नाही. संयुक्त गोळ्यांत हे घटक लपलेले असतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड: पातळ पदार्थ सुरू झाले की साखर एकदम खाली येण्याची भीती, म्हणून त्या काळात बहुधा बंद. मेटफॉर्मिन तपासणीच्या दिवशी सकाळी घेत नाहीत. इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, मात्रा कमी करतात, किती ते डॉक्टर सांगतील. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवडाभर आधी कळवा, जठर उशिरा रिकामं होतं.

साखर दर तीन-चार तासांनी तपासा, रात्री एकदा उठून. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखरेचं गाळलेलं लिंबू पाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. यासाठी पारदर्शक पेयं सगळीच बिनसाखरेची ठेवू नका.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या स्वतःहून कधीही बंद करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किती दिवस थांबवायचं, थांबवायचं का, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. रक्तदाबाची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर, पण लघवीच्या गोळ्यांबद्दल विचारा. औषध पिण्याच्या आधीच्या तासाभरात घेतलेली कुठलीही गोळी धुऊन जाऊ शकते.

मृण्मयी_०७
फार उपयोगी. तर ११ च्या वेळेचं घड्याळ कुणी मांडून देईल का?

एंडो_सिस्टर
दोन लिटरच्या पाकिटासाठी:

आदल्या दिवशी सकाळी ८ ला दोन इडल्या किंवा ब्रेड-अंडं. १ च्या आत दहीभात. मग पातळ पदार्थ. बिसाकोडिल दिलं असेल तर सांगितलेल्या वेळी. संध्याकाळी ६ ते ७:१५ पहिला लिटर, त्यावर अर्धा लिटर सरबत किंवा ओआरएस. रात्री ११ पर्यंत बहुतेकांना झोपता येतं.

पहाटे ५:१५ ते ६:३० दुसरा लिटर, वर एक-दोन पेले पाणी. तपासणीच्या निदान दोन तास आधी तोंडातून सगळं बंद. भूल देणारे डॉक्टर काही ठिकाणी चार किंवा सहा तास मागतात. तसं असेल तर पहाटेचा भाग त्या प्रमाणात आधी, ३:३० ला. तारीख घेताना हा एक प्रश्न विचाराच.

घाटमाथा
लांबून येणाऱ्यांचं काय? साताऱ्याहून पुण्याला यायचं तर दुसरा लिटर पिऊन दोन-अडीच तास एसटीत बसणं शक्य नाही.

एंडो_सिस्टर
आदल्या रात्री रुग्णालयाजवळ मुक्काम, किंवा दुपारची वेळ मागून घ्या. दुपारी ३ च्या तपासणीला सगळं औषध त्याच दिवशी सकाळी घेतलं तरी चालतं, तसं लिहून मात्र घ्या. प्रवास टळत नसेल तर दुसरा भाग संपल्यानंतर दीड-दोन तासांनी निघा. मोठ्यांचे डायपर ठेवा, त्यात कमीपणा नाही.

म्हाताऱ्या माणसासाठी रात्री: संडासाचा दिवा चालू, फरशी कोरडी, पायपुसणी उचलून ठेवा, आतून कडी लावू नये, कुणीतरी जागं असावं. भारतीय बैठक असेल तर खुर्चीचं कमोड आणा. त्या रात्री घरातला संडास त्यांच्यासाठी राखीव, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. औषध सुरू करण्यापूर्वीच गुदद्वाराभोवती व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लावा. आग व्हायला लागल्यावर लावून फार फरक पडत नाही. धुताना पाणी हळू, पुसताना टिपून.

सिग्मॉइड
थांबवायचं कधी तेही लिहितो. पोट फुगत चाललंय, एकदाही शौचाला होत नाही, उलट्या होत आहेत किंवा जोरात दुखतंय: औषध बंद आणि लगेच रुग्णालयात. आतड्यात अडथळा असू शकतो. भोवळ, छातीत दुखणं, बरळणं यांतही तसंच.

अनुस्वार
तयारी 'चांगली' झाली हे अहवालात कळतं का?

सिग्मॉइड
कळतं. बऱ्याच ठिकाणी बोस्टन मापन लिहितात. उजवा, मधला, डावा अशा तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ९. प्रत्येक भागाला किमान २ हवेत. एकूण ६ पण उजव्या बाजूला १ असं असेल तर ती तयारी पुरेशी धरत नाहीत, आणि पुन्हा तपासणी नेहमीपेक्षा लवकर करायला सांगतात. अहवाल हातात आला की हा आकडा बघा, नसेल तर विचारा.

कोकणकडा
पातळभाजी, मुगाच्या वरणावर शेवटचं काय ठरलं? धाग्याच्या वरच्या यादीत घालायचं म्हणतोय.

पातळभाजी
असं घाला: तीन दिवस आधी आणि दोन दिवस आधी, सालं काढलेल्या मुगाचं, घोटून बारीक गाळणीतून गाळलेलं, वाटीभर, हिंग-हळद-मीठ-तूप एवढंच. आदल्या दिवशी नाही. रुग्णालयाच्या कागदावर डाळ स्पष्ट नाकारली असेल तर एकही दिवस नाही. प्रथिनांसाठी शाकाहारी घरांत पनीर आणि दही वाढवा, चिवट तुकडे नकोत, पनीर कुस्करून भातात.

मृण्मयी_०७
घातलं. फोडणीची सूचनाही ठळक केली आहे: जिरे, मोहरी, कढीपत्ता तिन्ही दिवस नाही.